खाली दुसरी सही

मी जन्मात विमानात बसले नाही, पण विमान पाळायला काय पडतं ते मला विचारा. लग्नाला दोन वर्षं झाली आणि आमच्या ह्यांना विमान सांभाळायची नोकरी लागली. तेव्हापासून मला सवत आहे. सहा माणसांचं छोटंसं विमान, मालकीणबाईंचे दोन गावांत दोन कारखाने, त्यांना इकडून तिकडे न्यायचं. कॅप्टन उडवून मोकळा व्हायचा, बाकीची उस्तवार ह्यांच्याकडे. चाकातली हवा, तेल, तारा, काचा. घरातला नळ महिनाभर ठिबकला तरी चालेल, तिकडे तेलाचा एक थेंब दिसला की जेवण गोड लागायचं नाही.

त्यांच्या कामात एक रीत आहे. महत्त्वाचं काम ज्याने केलं त्यानेच ते बरोबर झालं असं म्हणायचं नाही. दुसऱ्याने येऊन डोळ्यांनी बघायचं, हाताने चाचपायचं आणि मग खाली दुसरी सही करायची. ही रीत ह्यांनी घरीही आणली. गॅसची नळी बदलली की हाक, "अगं, येऊन बघ." मी कणकेच्या हाताने तिथूनच "बघितलं" म्हणायचे. हे पान्हा घेऊन तसेच उभे. उठून जाऊन हात लावेपर्यंत माणूस हलणार नाही. एखाद्याच्या नशिबी काय नवरा येईल, सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मालकीणबाईंच्या मुलाने डोक्यात भरवलं, की हा पांढरा हत्ती कशाला पोसतेस, विकून टाक. बाईंनी ह्यांना बोलावलं. म्हणाल्या, "ऑफिसातले लोक मला आवडेल तेच सांगतात. तुम्ही मांडून द्या. विमान ठेवलं तर काय पडतं, आणि विकून दुसऱ्या मार्गाने गेले तर काय."

म्हणजे ज्या फांदीवर बसलोय ती किती जाड आहे ते मोजायला ह्यांनाच सांगितलं. निवृत्तीला तीन वर्षं होती. लेकीचं शिक्षण अर्ध्यावर होतं. मी म्हटलं, "दोन आकडे इकडचे तिकडे करा, कोण तपासतंय?" हे माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मी त्यांना कोणाचा गळा दाबायला सांगितला.

तीन दिवस जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले. शेडचं भाडं, विमा, कॅप्टनचा पगार, वर्षाची मोठी तपासणी, इंजिन उघडायची वेळ येईल तेव्हासाठी बाजूला ठेवायचे पैसे. हे सगळं विमान जागेवरून हललं नाही तरी द्यायचंच. इंधन आणि उतरण्याची फी तेवढी उडेल तशी. मी म्हटलं, "म्हणजे उडण्यापेक्षा नुसतं उभं राहायलाच महाग." हे म्हणाले, "बरोबर. म्हणून जितक्या फेऱ्या जास्त, तितकी एक फेरी स्वस्त." दुसऱ्या कागदावर भाड्याचं विमान, तिसऱ्यावर साधं तिकीट. तिकीट सगळ्यांत स्वस्त, पण दोनदा विमान बदला, एक मुक्काम करा, तिकडे पोचेस्तोवर दीड दिवस गेला. बाईंच्या वेळेची किंमत कशी धरायची म्हणून हे तासभर अडले, आणि शेवटी लिहिलं, "हे आपलं आपण ठरवावं." तिकिटाच्या दगदगीला बाई तयार नव्हत्याच. खरी लढत स्वतःच्या आणि भाड्याच्या विमानात होती, आणि हिशेब असा निघाला की वर्षाला साठ फेऱ्या झाल्या तर विमान ठेवणं परवडतं. बाईंच्या बासष्ट होत होत्या.

"आता तू तपास," म्हणून कागद माझ्यापुढे सरकवला.

मी चष्मा लावला. माझं शिक्षण बेताचं, पण घर चालवलेल्या बाईला यादीत काय राहिलं ते पटकन दिसतं. कॅप्टनचा पगार होता. ह्यांचा नव्हता. पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितलं, नव्हताच. लबाडी नव्हती हो ती. बावीस वर्षांत विमानाचा खर्च मोजताना स्वतःला त्यात धरावं हे त्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. तरी मी "तपासलं" लिहिलं आणि खाली सही ठोकली.

बाईंनी कागद वाचला आणि विमान ठेवायचं ठरवलं. हे घरी आले ते नवरदेवासारखे. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता, तो पडेना. चार दिवस पोळ्या करपत होत्या. लेक विचारायची, "आई, बरं वाटत नाही का?" तिला काय सांगू?

पाचव्या दिवशी सकाळी हे बूट घालत होते. सहज म्हणाले, "बावीस वर्षांत माझ्या कागदावर खोटी सही नाही, आणि हा तर तू तपासलेला."

मी म्हटलं, "अहो, तुमचा पगार राहिलाय त्यात."

आधी हसले. मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि हसणं थांबलं. "पंच्याहत्तर फेऱ्या लागतील," म्हणाले. एक बूट पायात, एक हातात. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"सही करायच्या आधी."

रागावले असते तर बरं झालं असतं. हे बूट काढून टेबलाशी बसले, नवा कोरा कागद घेतला, सगळं पुन्हा उतरवलं आणि कॅप्टनच्या खाली स्वतःला लिहिलं. मला वाटलं, आता हा कागद शेजाऱ्याकडे नेतील, नाहीतर लेकीला हाक मारतील. त्यांनी तो माझ्याच पुढे सरकवला. "तपास," म्हणाले. मला रडू फुटलं. तशीच सही केली, ती थोडी वाकडी आली.

तो कागद बाईंकडे गेला आणि दोन महिन्यांत विमान विकलं गेलं. बाई आता भाड्याच्या विमानाने जातात. बाईंनी ह्यांना कारखान्यातले पंप सांभाळायला ठेवलं, पगार अर्धा. लेकीने शिकवण्या धरल्या, मी दोन घरचं शिवणकाम. ओढाताण आहे, खोटं कशाला सांगू? आकाशात आवाज आला की हे अजून मान वर करतात आणि मी टोमणा मारायचं विसरते.

परवा गॅसची नळी बदलली. हाक आली, "अगं, येऊन बघ." मी कणकेचे हात धुतले, चष्मा लावला आणि जाऊन बघितलं. म्हटलं, "एक नट सैल आहे."

"आहे खरा," म्हणाले, आणि पान्हा उचलला.