मुदत संपलेला डॉक्टर

“अहो डॉक्टर, बॅगा राहू द्या गाडीत. आधी सात नंबरच्या पोटाला हात लावा बघू!”

“आक्का, सकाळी मऊ होतं ते.”

“सकाळी तुम्हीपण इथलेच होतात.”

वॉर्डातल्या म्हाताऱ्या नर्सला सगळे आक्काच म्हणत. परदेशातून तीन-तीन महिने सर्जरी शिकायला आलेले कितीतरी डॉक्टर तिनं पाहिले होते; हा त्यांतलाच एक. पोरं हुशार, हात सफाईचा. पण एक विमानात बसला आणि दुसरा अजून उतरायचा असला, की मधल्या दिवसांत पेशंटला कुणी वाली नसायचा. त्या दिवसांत गेलेली माणसं आक्काला खाटेच्या नंबरासकट आठवत.

डॉक्टरनं पोट दाबलं. फळीसारखं कडक. आपण परवा घातलेला आतला टाका सुटलाय, हे त्याला कळलं आणि त्याचा चेहरा उतरला.

“उघडावं लागेल. पण माझी परवानगी आज दुपारी बारालाच संपली. मोठ्या सरांशिवाय मला सुरी धरता येणार नाही.”

“ते तुमच्या जागी येणाऱ्याला आणायला विमानतळावर गेलेत. फोन उचलत नाहीत.”

पेशंटची बायको दोघांच्या तोंडाकडे बघत होती. “काय झालंय हो?”

“त्यांना पाणी देऊ नकोस, बाई,” आक्का एवढंच म्हणाली.

नाडी एकशे तीसवर गेली होती. तिनं शिपायाला ऑपरेशनची खोली तयार करायला पिटाळलं, डॉक्टरला फोन लावत बसायला सांगितलं आणि त्यानंच परवा शिवलेल्या आठ नंबरची पट्टी बघायला म्हणून सोडायला घेतली.