अल्काबाईंचं काऊन

पुण्याकडे ज्याला 'का' म्हणतात, त्याला गोंदियात 'काऊन' म्हणतात. फरक एवढाच, की 'का' विचारलं की माणूस उत्तर देतो आणि 'काऊन' विचारलं की आधी दचकतो. अल्का शहारे बाईंनी या एका शब्दावर आख्खं पॉलिटेक्निक दचकवत ठेवलं होतं. मागून सगळे त्यांना 'काऊनबाई' म्हणत. बाईंना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

सवय जुनी होती. लहानपणी नागऱ्याच्या गावशाळेत गुरुजींनी पृथ्वी गोल आहे असं सांगितलं, तेव्हा 'काऊन?' विचारून त्या तासभर बाकावर उभ्या राहिल्या होत्या. १९९९ मध्ये कॉलेजात पहिले तीन कंप्युटर आले आणि त्यांच्यामागोमाग ऑपरेटर म्हणून बाई आल्या. कंप्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही असा तेव्हा कडक नियम होता. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काऊन?" कोणालाच सांगता आलं नाही. बाई मात्र पुढची अकरा वर्षं इमानेइतबारे चपला बाहेर काढत राहिल्या. विचारणं वेगळं आणि मोडणं वेगळं, असं त्यांचं मत होतं.

२०१० च्या सप्टेंबरात पोरांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म पहिल्यांदाच इंटरनेटवरून भरायचे होते. आणि नेमकं रोज जेवणाच्या सुट्टीनंतर कॉलेजचं इंटरनेट मान टाकायचं. अर्धा फॉर्म भरला की पडदा पांढरा. प्राचार्य पटले सरांनी बाईंना बोलावलं.

"मॅडम, कोई ना कोई इंटरनेटवरून पिक्चर उतारून राहिला आहे. मला नाव पाहिजे. आणि मला वाटते ते नाव मला माहीत आहे."

सरांना वाटणारं नाव उदारामचं होतं. उदाराम हा केशोरी गावचा, लॅबमध्ये नऊ वर्षं रोजंदारीवर असलेला शिपाई. सगळ्या खोल्यांचं इंटरनेट त्याच्या खोलीतल्या बारा नंबरच्या मशीनवरून जायचं. सकाळी ते सुरू करणं, दिवसभर त्याच्यावरची धूळ पुसणं आणि त्याच्याशेजारी बसून राहणं हे त्याचं काम. त्याला कायम करण्याची फाइल त्याच महिन्यात सरांच्या टेबलावर आली होती. नाव निघालं, तर फाइल गेली आणि उदारामही गेला.

नाव शोधायचं ते फायरवॉलच्या नोंदीत. आता फायरवॉल म्हणजे इंटरनेटच्या दारावर बसवलेला चौकीदार. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या मशीनवरून, किती वाजता, सगळं तो लिहून ठेवतो. आमच्याकडच्या चौकीदारांसारखा तो डुलकी घेत नाही, त्यामुळे रोज पन्नास-साठ हजार ओळी लिहितो. त्यातून हवं तेवढंच उचलायला रेग्युलर एक्सप्रेशन नावाची विद्या लागते. म्हणजे टिंबं, तारे आणि कंस यांचा एक नमुना लिहायचा. ओळीतला जो भाग त्या नमुन्यात बसेल तो बाहेर येतो. बाईंनी नागपूरहून झेरॉक्स पुस्तक आणून ती शिकून घेतली होती.

चहा घेऊन आलेल्या उदारामने पुस्तकाचं नाव वाचलं.

"बाई, मशीनमधी बी रेग्युलर आन रोजंदारी असते का जी?"

"चूप रे. चहा ठेव."

नमुना सोपा होता. प्रत्येक ओळीत 'src', म्हणजे 'कुठून', लिहिलेलं असे आणि त्यापुढे मशीनचा पत्ता. बाईंनी लिहिलं: टिंब, तारा, मग src आणि त्यापुढचा पत्ता. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, तारा म्हणजे हवी तितकी. दुपारच्या सगळ्यात जड, म्हणजे सगळ्यात जास्त माल ओढणाऱ्या ओळी निवडून त्यांनी नमुना चालवला. चारशे बारा ओळी निघाल्या. चारशे बाराही बारा नंबरच्या.

 मशीन खोटं बोलत नाही, असं त्या स्वतःच अकरा वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या. शनिवारी सकाळी त्यांनी यादी सरांना दिली. सर म्हणाले, "देखा?" दुपारी उदारामला निरोप गेला, सोमवारी येऊन हिशेब घेऊन जा.  त्याने बारा नंबरवरची धूळ पुसली आणि सायकल काढली.

सगळे घरी गेले तरी बाई बसून राहिल्या. यादी पुन्हा वाचू लागल्या आणि एका तारखेवर बोट थांबलं. तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा सण. त्या दिवशी उदाराम केशोरीला होता. बारा नंबर बाईंनीच सुरू करून खोलीला कुलूप लावलं होतं, किल्ली त्यांच्याच पर्समध्ये होती. मग बंद खोलीत बसून पिक्चर कोण पाहत होतं?

"काऊन?" बाईंनी मशीनला विचारलं.

मग त्यांनी एक ओळ अक्षरावर बोट ठेवून वाचली आणि कपाळावर हात मारला. ओळीत src दोनदा होतं. आधी खरं मशीन आणि शेवटी ज्याच्यावरून गेलं ते, म्हणजे प्रत्येक वेळी बारा नंबर. आणि त्यांचा तारा होता हावरा. पंगतीत पहिल्या पत्रावळीवर बसायचं सोडून हा थेट टोकापर्यंत खात जायचा आणि मागे फिरताना जे पहिलं हाती लागेल ते उचलायचा. म्हणजे शेवटचं.

बाईंनी पुस्तक उघडलं. हावऱ्या ताऱ्याला आवरायचा उपाय सतराव्या पानावर होता: ताऱ्यापुढे प्रश्नचिन्ह लावा.

बाई हसायलाच लागल्या. आयुष्यभर जगाला लावलं, फक्त या ताऱ्याला लावायचं राहिलं होतं! त्यांनी काऊन लावलं आणि नमुना पुन्हा चालवला.

चारशे बारा ओळी. मशीन नंबर एक्केचाळीस.

हसू तिथेच थांबलं. एक्केचाळीस म्हणजे त्या बसल्या होत्या तेच मशीन. रोज डबा खाल्ला की बाई त्यावर जुन्या गाण्यांचा इंटरनेट रेडिओ लावत आणि सुट्टी संपली की आवाज बंद करून कामाला लागत. आवाज बंद म्हणजे गाणं बंद, असा त्यांचा घरच्या रेडिओचा हिशेब होता. गाणं मात्र संध्याकाळपर्यंत मुक्यानेच येत राहायचं. पोरांचे फॉर्म त्यानेच अडवले होते.

रविवार बाईंनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. यादी फाडली असती, तर कोणाला कळलं नसतं. कॉलेजात ती वाचता येणाऱ्या त्या एकट्याच होत्या. सोमवारी त्या सरांपुढे दोन्ही याद्या ठेवून उभ्या राहिल्या.

"सर, पहिली यादी चुकीची आहे. दुसरी बरोबर आहे. एक्केचाळीस मी."

सरांनी चष्मा काढला. पुसला. लावला. "मॅडम... आप?"

"हो. गाणे. मला लेखी द्या काय द्यायचं ते. पण उदारामची फाइल थांबवू नका. थांबवणार असाल, तर काऊन ते सांगा."

सर दचकले. बाईंना लेखी समज मिळाली, ती त्यांनी घेतली. आणि फाइलवर सरांनी त्यांच्यादेखतच सही केली.

उदाराम बाहेर हिशेबाच्या कागदासाठी उभा होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली. तो मान खाली घालून म्हणाला, "मले ठाव होतं जी."

"काय ठाव होतं?"

"तुमचं गाणं सुरू झालं का बारा नंबरचे दिवे भडाभडा लुकलुकतेत. रोजच पाहून राहिलो ना मी. मले वाटलं, एवढ्या शिकल्या बाई, तुमाले ठाव असनच."

"अरे, मग बोलला काऊन नाहीस?"

"तुमी साऱ्याइले काऊन विचारता," उदाराम म्हणाला, "मलेच कधी विचारलं नाई."

बाई त्याला कंप्युटरच्या खोलीकडे घेऊन गेल्या. सवयीने दाराशी चपला काढल्या. मग म्हणाल्या, "चहा आण. दोन आण. आणि खुर्ची घेऊन बस. कोणतं गाणं आवडते तुला?"

"गाणं लावता?" उदाराम घाबरला.

"लावत नाही. सांग फक्त. मी म्हणते."

बाईंचा आवाज अगदीच बेताचा होता. पण त्या दुपारी एकही फॉर्म अडला नाही.