रंगांखाली गेलेलं चित्र

कमलाकांत बोईसरच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंगं काढायचा. इकडची रेघ तिकडे झालेली चालायची नाही. निवृत्त झाल्यावर उमरोळीच्या घरात, मागच्या खोलीत, त्यानं कॅनव्हास लावले आणि जन्मभराचा सूड उगवल्यासारखा रंगवत सुटला. ना घर, ना झाड, ना माणूस, नुसते रंग. हात थांबवणं त्याला जमायचंच नाही. एक थर वाळला की त्यावर दुसरा.

बायको भावना दातिवऱ्याची. एकदा ती माहेराहून सुक्या बोंबलांची पिशवी घेऊन आली, मागच्या खोलीत डोकावली आणि दारातच थबकली. पिशवी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"अवो, याला आता हात नका लावू," ती म्हणाली. "मी पाय धुऊन येते. मग नीट बसून बघते."

ती परत आली तोवर कमलाकांतनं चित्रावरून काळ्या रंगाचा रुंद पट्टा ओढला होता.

"अजून व्हायचंय ते. तुला काय कळतं त्यातलं?"

 भावना आत निघून गेली. त्या खोलीत पुढे कित्येक वर्षं आपणहून आली नाही.

पुढे मधुमेहानं तिच्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. इंजेक्शनं झाली, लेझर झालं. अखेर उजेड आणि अंधार, एवढंच कळायचं राहिलं.

गेल्या हिवाळ्यात पालघरला त्याच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. तो तिला हाताला धरून घेऊन गेला. एका चित्रापुढे तिनं विचारलं, "काय हाय यात?"

"याचं नाव 'प्रवाह'."

"नाव नको. दिसतं काय ते सांगा."

"निळा आहे... डावीकडे थोडा पिवळा..." आणि तो अडकला. कोणता रंग आधी लावला, रंग पसरायची सुरी कुठे फिरवली, सगळं त्याला पाठ होतं. समोर काय उरलंय, ते मात्र त्यानं कधी निवांत पाहिलंच नव्हतं.

घरी येऊन त्यानं तो जुना कॅनव्हास शोधून काढला आणि पात्यानं खरवडायला घेतला. आवाज ऐकून भावना भिंत चाचपत आली.

"काय करताय?"

"तुला आवडलेलं चित्र वर काढतोय."

पण वरच्या थरांबरोबर खालचेही सोलून निघाले. हाती नुसतं कापड राहिलं.

"गेलं गं," तो म्हणाला. "कसं होतं तेही मला आठवत नाय. तुझं ऐकायला पाहिजे होतं मी."

ती स्टुलावर बसली. "खाली करडा होता. ओहोटीला चिखल चमकतो ना, तसा. मधून तांबडा वर गेलेला, बारीक."

"आणि वर?"

"वरचं बघायचं ऱ्हायलं माझं."

त्यानंतर त्यानं नवा कॅनव्हास लावलेला नाही. संध्याकाळी एकेक चित्र समोर ठेवून तो तिला सांगत बसतो. सांगताना पुष्कळदा चुकतो, थांबतो, पुन्हा बघतो.