सुंदराबाई हयात आहेत

उत्तराच्या दारावर नाव होतं सुंदराबाईचं. पितळेची पाटी, वर कोरलेलं ‘सुंदराबाई नामदेव खिल्लारे’. दर रविवारी उत्तरा ती चिंच लावून घासायची. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, आईच्या नावाला किती जपते पोरगी. खरी गोष्ट अशी की सुंदराबाई तिची आई नव्हती, नात्यातली तर नव्हतीच. घर उत्तराने स्वतःच्या पैशांनी घेतलेलं होतं.

त्याआधी मुलुंडला ती अकरा वर्षं नांदली, त्या दारावरही तिचं नाव नव्हतं. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, पगार झाला की तो नवऱ्याच्या हातात. त्यातून अनिरुद्ध घराचे हप्ते भरायचा. घर सासूच्या नावावर. घरातल्या घरात कसली नावं लावायची, असं उत्तराला वाटलं, आणि तिने कधी विचारलं नाही. मूल झालं नाही. मग बोलणी सुरू झाली, मग अनिरुद्धने दुसरीकडे संसार मांडला. संमतीने घटस्फोट झाला तेव्हा ती वकिलाला म्हणाली, “माझे हप्ते?” तो म्हणाला, “ताई, पुरावा दाखवा.” पुरावा कुठून आणणार? नऊ लाखांवर प्रकरण मिटलं आणि ती विक्रोळीला भावाकडे आली.

भाऊ चांगला होता, वहिनीही वाईट नव्हती. पण उत्तराची गादी स्वयंपाकघरात, आणि वहिनीला पाचला उठून डबे करायचे असायचे. साडेचारला गादी गुंडाळून उत्तरा बाथरूमच्या दाराशी उभी राहायची. असं दीड वर्ष काढलं. त्या दीड वर्षात तिने एकच गोष्ट मनाशी धरली, की ह्यापुढे कागदावर नाव माझं पाहिजे. मग खोली वीतभर असली तरी चालेल.

बँकेत गेली तर तिथे कर्ज बसेना. अर्धा पगार रोखीत मिळायचा, तो कुणी धरेना. शेवटी ॲलन नावाचा एजंट भेटला, मरोळच्या गावठाणातला. बोलायला सरळ.

“ताई, खोटं नाय सांगणार. घाटकोपरला खोली हाय, झोपडीच्या बदल्यात म्हातारीला मिळालेली. ठराविक वर्षं विकता येत नाय. मुदत संपायला तीन वर्षं हायत. तोवर मुखत्यारपत्रावर राहायचं, मुदत संपली की त्याच कागदावर तुमच्या नावाने नोंदणी.”

“आणि मध्ये कोणी तपासायला आलं तर?”

“सांगायचं, मी म्हातारीची मुलगी. अर्धी बिल्डिंग तशीच हाय, ताई.”

“आणि म्हातारीला काही झालं तर?”

“देणारा गेला की मुखत्यारपत्र गेलं. पण ह्या बायका कुठं जातात? शंभरीला टेकतात.”

पोटगीचे नऊ लाख, दागिने मोडून आलेले, प्रॉव्हिडंट फंड, वर पतपेढीचं कर्ज. सगळं मिळून बावीस लाख तिने सुंदराबाईच्या मुलाला, खंडूला दिले. उरलेले दोन नोंदणीच्या दिवशी द्यायचे ठरले. खंडूने बदलापूरला मोबाइलचं दुकान टाकलं आणि आईला तिकडे नेलं.

चार महिन्यांत म्हातारी परत आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत दोन लुगडी आणि बाबासाहेबांची तसबीर.

“सूनबाई म्हनती, तुमच्या खोकल्यानं गिऱ्हाईक पळतंय,” दारात उभी राहून ती म्हणाली. “चार रोज ऱ्हाऊ का?”

उत्तराने आत घेतलं. खरं सांगायचं तर आधी तिच्या मनात आलं ते हे, की बरंच झालं, तपासणीला म्हातारी घरातच दिसेल. माया मागून आली.

चार रोजांची दोन वर्षं झाली. सुंदराबाई जालन्याकडची, पण घाटकोपरच्या ह्याच जमिनीवर, आधी पत्र्याच्या खोपटात आणि आता चौथ्या मजल्यावर, तिची चाळीस वर्षं गेलेली. इमारतीतल्या निम्म्या बायकांची बाळंतपणं तिने पाहिलेली. रविवारी खालच्या हॉलमध्ये बुद्धवंदना असायची, तिथे तिचा आवाज सगळ्यांच्या वर. उत्तरा तिच्या शेजारी बसायची. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं बोलण्यापासून दूर राहीन, की उत्तराचा आवाज आपोआप खाली जायचा. कुणाच्या लक्षात येत नव्हतं. शेजारच्या दारातल्या चंपाच्या कदाचित आलं असेल. चंपाच्या नजरेतून काही सुटत नसे.

उत्तरा सकाळी सहाला पवईच्या टॉवरांत जायची. मोठ्या मोठ्या घरांत सोफ्यावर हात पुढे करून बसलेल्या माणसांचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावं लिहायची, लॅबला पोचवायचं. घरी आली की म्हातारी विचारायची, “झालं का लोकाचं रगत पिऊन?” आणि स्वतःच हसायची.

दर महिन्याला उत्तरा तिचंही रक्त न्यायची. साखर होतीच. पण मूत्रपिंडाचा आकडा चढत होता. चार, मग पाच, मग सात. मुदत संपायला तेव्हा आठ महिने उरले होते. उत्तराच्या डोक्यात दोन्ही आकडे शेजारी शेजारी असायचे. एक चढता, एक उतरता. डॉक्टर म्हणाले, डायलिसिस लावा. म्हातारीने मान हलवली. “मला नगं त्या मशिनी.”

उत्तराने मनधरणी केली, रागावली, जेवली नाही. तेव्हा सुंदराबाईने तिला जवळ बसवलं.

“एक खरं सांग लेकी. मला जगवतीस ती मपल्यापायी का तुपल्या घरापायी?”

उत्तरा म्हणाली, “दोन्हीपायी.”

म्हातारी खो खो हसली. “चल मंग. खोटं बोलली असतीस तर गेले नसते.”

आठवड्यातून दोनदा, चार चार तास. हातावर सुजलेली नस दोरखंडासारखी उभी राहिली. पाणी मोजून प्यायचं. उन्हाळ्यात सुंदराबाई बर्फाचा खडा चोखत बसायची आणि तोही अर्धा झाला की उत्तरा काढून घ्यायची. सहा महिने तिने हे सोसलं. मेच्या शेवटी एका सकाळी ती उठलीच नाही. तोंड भिंतीकडे करून म्हणाली, “आज नाही, उद्या नाही. मला गावाला बहिनीकडं जाऊ दे.”

मुदत संपायला सात आठवडे होते. गावाला मशीन नव्हतं. उत्तराला हे माहीत होतं, म्हातारीलाही होतं. उत्तराने आणखी एकदा हात जोडले असते तर ती कदाचित थांबली असती. उत्तराने तिची पिशवी भरली.

“दोन लुगडी बास,” म्हातारी म्हणाली. “तसबीर इथंच ऱ्हाऊ दे. आन् ऐक. मी गेल्यावर मपला जलदान विधी हितंच करायचा, खालच्या हालात. ह्या बायका मपल्या. गावात मला कोन वळखतंय आता? नामदेवाचं केलं तसंच. बोर्डावर चिठ्ठी लाव, समद्यास्नी बोलव, बुंदी वाट.”

“करीन.”

“तुपल्या हातानं.”

“करीन म्हटलं ना.”

खंडू गाडी घेऊन आला आणि घेऊन गेला.

नवव्या दिवशी दुपारी साडेतीनला त्याचा फोन आला. उत्तरा कुकर लावत होती.

“ताई, आई गेली. सकाळी. आत्ताच मसणातून आलोय.” मग घाईघाईने, “रडू नका. मोठ्यानं रडू नका, शेजारी ऐकतील.”

“म्हणजे?”

“कुणाला सांगायचं नाय. नोंदणी होईस्तोवर आई जित्ती हाये. मी वारस लावायला गेलो की पैली तपासणी होनार, खोलीत कोन ऱ्हातंय म्हनून. मंग तुमी बाहेर, आन् माझे दोन लाख पन बुडाले. सहा आठवड्यांचा सवाल हाये. इथं दाखल्याचं मी बघतो, ऑगस्टातली तारीख घालतो.”

फोन ठेवल्यावर उत्तरा ओट्यापाशी उभी राहिली. भिंतीपलीकडे चंपाच्या टीव्हीचा आवाज येत होता; म्हणजे इकडचाही तिकडे जाणार. तिने मिक्सरचं रिकामं भांडं बसवलं आणि बटण फिरवलं. मिक्सर घरघरत होता तेवढ्यात ती रडली. मोटर तापून वास यायला लागला तेव्हा बंद केला, तोंड धुतलं आणि कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात चंपाने हटकलं. “काय गं, म्हातारी कशी आहे?”

“बरी आहे.”

“माझा फोन उचलत नाही ती.”

“गावाला रेंज नाही ना.”

“मागच्या आठवड्यात होती की.”

उत्तरा खाली उतरून गेली. वंदनेला जाणं तिने बंद केलं. तसबिरीपुढे मेणबत्ती लावायची, तीही लावेना. लावली तर गेलेल्या माणसासाठी लावल्यासारखं होईल, आणि म्हातारी तर जिवंत होती.

जूनच्या अठरा तारखेला तपासणी आली. एक बाई, एक पुरुष, हातात यादी. चंपा आपल्या दारात लसूण सोलत बसली होती.

“सुंदराबाई खिल्लारे?”

“गावाला गेल्यात. बहिणीकडे. बरं नसतं त्यांना.”

“तुम्ही कोण?”

“मुलगी.”

हे तर तीन वर्षं ती सांगतच आली होती. बाईने यादीवर खूण केली नाही. “फोन लावून द्या. बोलून घेते.”

उत्तराने खंडूला फोन लावला. “अधिकारी मॅडम आल्यात,” ती म्हणाली, “आईशी बोलायचंय त्यांना.” दाखल्याच्या कामासाठी तो अजून गावातच होता. खंडू “देतो” म्हणाला, काहीतरी कुजबुज झाली, आणि बाईने फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

“हॅलो. कोन बोलतंय?”

उत्तराने दाराची कडी धरली. आवाज तोच होता. तोच घोगरा, तसाच शेवट ओढणारा. म्हातारीची बहीण. नवऱ्यामागे राहिलेली, स्वतःच्या बहिणीला महिन्याच्या आत पोचवून बसलेली म्हातारी बाई.

“सुंदराबाई बोलताय का?”

“हाव. मीच सुंदराबाई.” मध्ये एक हुंदका आला, तिने तो खोकल्यात घातला. “मपली तब्येत बरी हाये. पोरगी लई करती मपलं. तिला तरास देऊ नका, बाई.”

“ठीक आहे आजी. काळजी घ्या.” बाईने खूण केली. पाटीकडे बघून म्हणाली, “छान ठेवलीय हो.” आणि दोघं पुढच्या दाराकडे गेले.

चंपाच्या हातातला लसूण हातातच होता. चाळीस वर्षं तिने सुंदराबाईचा आवाज वंदनेत, भांडणात, न्हाणीघरात ऐकलेला. तिने सालं गोळा केली, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या मजल्यावर दिवसा कुणी दार लावत नाही.

जुलैत मुदत संपली. नोंदणी कार्यालयात ॲलनने कागद पुढे केले. एका कागदावर लिहिलं होतं की मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती हयात आहे. त्याखाली उत्तराने सही केली, उत्तरा भीमराव वाहुळे. खंडूने दोन लाख मोजून घेतले आणि म्हणाला, “आता मोकळं झालो बघा आपन दोघंबी.”

ऑगस्टात तिने बोर्डावर चिठ्ठी लावली. कालकथित सुंदराबाई नामदेव खिल्लारे, निधन तीन ऑगस्ट. जलदान विधी आणि पुण्यानुमोदन, रविवारी सकाळी दहा वाजता, तळमजल्यावरचा हॉल. स्वतःच्या हाताने लिहिली, सांगितलं होतं तसं.

सगळ्या बायका आल्या, पांढऱ्या साड्या नेसून. फोटोला हार घातला. बौद्धाचार्यांनी विचारलं, “निधनाची तारीख?” आणि उत्तराने मोठ्याने सांगितली. त्यांनी ती माइकवर पुन्हा म्हटली. त्रिसरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथं शील आलं तेव्हा बायकांचा आवाज हॉलभर झाला. उत्तराने ओठ हलवले. आवाज काढला नाही. म्हातारी शेजारी असती तर हे नुसतं ओठ हलवणं तिच्या आवाजात झाकलं तरी गेलं असतं.

बुंदी वाटताना ती चंपापुढे आली. दोन महिन्यांत चंपा तिच्याशी बोलली नव्हती. आता तिने द्रोण पुढे केला.

“शेवटी त्रास झाला का गं तिला?”

“नाही. झोपेतच गेली.”

“ऑगस्टात.”

“हो.”

चंपाने बुंदीचा एक दाणा उचलला, फोटोकडे बघितलं. “कुणासाठी थांबायची सवयच होती तिला,” ती म्हणाली. “मेल्यावरसुद्धा थांबली बघ तुझ्यासाठी.”

उत्तराने पळी पुन्हा भांड्यात बुडवली आणि शेजारच्या बाईच्या द्रोणात बुंदी घातली. रांग बरीच मागेपर्यंत होती.

नवी पाटी ॲलनने ओळखीच्या दुकानातून करून आणून दिली आहे. कपाटात आहे, कागदात गुंडाळलेली. जुनी अजून दारावर आहे. आता रविवारी ती कुणी घासत नाही.