खवीसाचा हात

खवीसाला राग आला की पहिली बुक्की त्याच्या स्वतःच्या मांडीवर बसायची आणि दुसरी टेबलावर. तिसरी कुणाला बसेल याचा नेम नसायचा. कर्जतच्या बाजारात त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. गल्लीतल्या निम्म्या लोकांनी त्याचा मार खाल्लेला, तरी मशीन बिघडलं की ते त्याच्याकडेच यायचे. आपल्याला हे नाव पडलंय हे त्याला ठाऊक होतं. म्हणायचा, "बरं हाय की. भुताकडं फुकटच्या गप्पा मारायला कुणी येत नाय."

एकदा शेलूच्या नव्या वसाहतीतला एक गृहस्थ बायकोचा लॅपटॉप घेऊन आला. तिचे मेसेज उघडून दे म्हणाला. खवीसाने लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा त्याच्या गळ्यात अडकवला आणि त्याला रस्त्यापर्यंत ओढत नेलं. लॅपटॉप ठेवून घेतला. संध्याकाळी त्या बाईंना बोलावून त्यांच्या हातात दिला. "वैनी, पासवर्ड बदला," एवढंच बोलला.

कामात मात्र हा माणूस कमालीचा सबुरीचा. "एका टायमाला एकच गोष्ट बदलायची," हे त्याचं ठरलेलं वाक्य. एक बदल करायचा, तो मोठ्याने सांगायचा, मशीन चालू करून बघायचं. स्क्रू आणि वायरी धाकटा भाऊ नाना सांभाळायचा. नानाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. पडद्यावरचं सगळं खवीसाचं, डब्यातलं सगळं नानाचं. दोघांनी एकमेकांच्या कामात कधी बोट घातलं नाही.

मी तेव्हा खालापूरला पत्रे कापण्याच्या एका छोट्या कारखान्यात सुपरवायझर होतो. कटिंग मशीन चालवणारा जुना कॉम्प्युटर जळाला. मालकाने नवा आणला, पण कटिंगचा प्रोग्राम फक्त विंडोज सेव्हनवर चालायचा. नव्या डब्यात सेव्हन घालायला लागलं की पडदा निळा व्हायचा आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. काम बंद पडलेलं. मी खवीसाला बोलावलं.

पहिल्या पडद्यावर कीबोर्ड आणि माऊस दोन्ही मेलेले. खवीसाने चष्मा नाकावर चढवला आणि पिशवीतून गोल पिनेचा जुना कीबोर्ड काढला. "ह्यो नवा डबा शिकलेल्या सुनेवानी हाय, जुन्या भाषेतलं कायबी ऐकंना," म्हणत त्याने सेटिंगमध्ये जाऊन हार्डडिस्क जुन्या पद्धतीवर आणली, ते मोठ्याने सांगितलं आणि पुन्हा सुरू केलं. सेव्हन बसली. कटिंग मशीन जोडायचं कार्ड तेवढं कॉम्प्युटरने ओळखायचं राहिलं. दोघे भाऊ हात धुऊन खायला गेले.

तेवढ्यात मालकाचा फोन आला. "अजून नाही? मग तुम्ही तिथे काय करताय? काहीतरी दाबा." मी सेटिंगमध्ये गेलो. सगळं मूळ होतं तसं करायचं, असा एक पर्याय तिथे असतो. पुतण्याने घरच्या कॉम्प्युटरवर तो दाबून काहीतरी ठीक केलेलं मी पाहिलं होतं. मी तो दाबला. पडदा निळा झाला आणि निळाच होत राहिला. मी उठून कटिंग मशीनपाशी जाऊन उभा राहिलो.

नाना आधी परत आला आणि कॉम्प्युटरपाशी बसला. मागून खवीस आला. त्याने नानाला एक मेमरी काढायला लावली, दुसरी घालायला लावली, केबल बदलायला लावली. स्वतः केलेली सेटिंग त्याने पुन्हा तपासली नाही. आपण केलेलं कुणी पुसेल हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं. अखेर मांडीवर बुक्की बसली. मग टेबलावर.

"हात कुणी लावला?"

"मी नाय रं दादा," नाना म्हणाला.

खवीसाने माझ्याकडे पाहिलं. मी पत्र्याची कड बघत होतो. मग त्याने तो जुना जड कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि नानाच्या डाव्या कानावर हाणला. बटणं फरशीभर उडाली. नाना गुडघ्यावर आला, बोटांतून रक्त गळायला लागलं. खवीसाने त्याला लाथ घातली, पुन्हा घातली, आणि मी जागचा हललो नाही. कारखान्यातली झाडूवाली बाई आपल्या ओढणीने नानाचा कान दाबून त्याला बाहेर घेऊन गेली.

त्यानंतर खवीस खाली बसला. कारखान्यातला दुसरा कीबोर्ड जोडून त्याने सेटिंग उघडली, काही वेळ नुसती बघितली. मग एकही शब्द न बोलता नीट केली. त्या दिवशी मशीन चाललं. मालकाने मला शाबासकी दिली.

नानाचा तो कान गेला. तो माथेरानला निघून गेला, दस्तुरी नाक्यावर पर्यटकांच्या बॅगा वाहू लागला. दुकानात खवीस एकटा. आता टेबलावर बुक्की बसत नाही, स्क्रूही त्याच्या हातून निसटतात.

गेल्या महिन्यात मी त्याच्या दुकानात गेलो आणि सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"मला तेवाच कळलं व्हतं. नाना त्या पडद्यात शिरतोय होय?"

"मग त्याला का नाही सांगितलंत, दादा?"

"काय सांगू? तुला उगाच मारला, म्हणून? त्यानं चूक केली असती तर बरं व्हतं मला." मग शटर ओढत म्हणाला, "चल. तू बी चल."

दस्तुरीला नाना एका कुटुंबाची बॅग डोक्यावर घेऊन उभा होता. खवीस त्याच्या डाव्या बाजूला गेला आणि खाली बघत पुटपुटला, "तू नव्हतास रं. मला म्हाईत हाय." मला ऐकू आलं. नानाला नाही. त्याने वळून उजवा कान पुढे केला. "इकडनं बोल."

खवीसाचं तोंड उघडलं, पण शब्द पुन्हा येईना. म्हणून मी बोललो. हात मी लावला होता, दादाला तेव्हाच कळलं होतं, दोघेही गप्प बसलो.

नानाने बॅग खाली ठेवली आणि माझ्या तोंडात भडकावली. चष्मा मातीत पडला, ओठ फुटला. खवीसाने चष्मा उचलला, शर्टाला पुसून माझ्या हातात दिला. मग स्वतःचा काढून खिशात ठेवला आणि भावासमोर उभा राहिला.

नानाने त्याच्याकडे पाहिलं. "साहेब, चला," तो त्या कुटुंबाला म्हणाला, बॅग डोक्यावर घेतली आणि लाल रस्त्याने आत निघून गेला.

खवीस चष्म्याशिवाय तसाच उभा होता. घोडेवाले त्याला बाजूला हो म्हणत होते.