तीन चुकांपर्यंत माफी

छापखान्यात त्यांना सगळे अनुस्वार म्हणत. एक तर देह तसाच, आखूड आणि गोल; शिवाय चौतीस वर्षं ते दुसऱ्यांच्या डोक्यावर बसून राहिले. मुद्रितशोधकाचं कामच ते. लेखक कितीही मोठा असो, त्याची वेलांटी चुकली की अनुस्वारांच्या लेखी तो संपला. निवृत्तीच्या दिवशी छापखान्याने त्यांना मानपत्र दिलं, तेही त्यांनी तिथल्या तिथे खिशातली पेन्सिल काढून दुरुस्त केलं आणि पुन्हा छापून आणायला सांगितलं. ते अजून यायचं आहे.

घराच्या बाहेरच्या खोलीत तीन भिंती पुस्तकांनी भरलेल्या होत्या. सगळी फुकटची. कुठे पान उलटं लागलेलं, कुठे शाई फुटलेली, अशा बिघडलेल्या प्रती छापखान्यातले लोक घरी नेत. येणारा-जाणारा भिंती पाहून म्हणे, केवढं हे वाचन! अनुस्वार कधी नाही म्हणत नसत.

त्यांची मुलगी लोकांच्या माना आणि गुडघे वळवून देण्याचं काम करते. तिला त्या खोलीत स्वतःचा दवाखाना थाटायचा होता. एक कपाट बाबांचं, बाकी भिंती महिन्याभरात मोकळ्या करा, एक तारखेला टेबल येतंय, असं तिने सांगून टाकलं. अनुस्वारांनी रुसून पाहिलं. पण त्यांचा डावा गुडघा तिच्याच हातात असल्यामुळे रुसवा फार ताणता आला नाही.

मग त्यांनी नियम केला. प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचं. दोन चुका माफ, तिसरीला पुस्तक बाहेर. ओळीखाली पट्टी धरून, एकेक ओळ खाली सरकवत त्यांनी सुरुवात केली. काम भराभर उरकू लागलं, कारण बहुतेक पुस्तकं दहाव्या पानाचं तोंड पाहायच्या आतच पडत होती. एका थोर पुरुषाचं सहाशे पानी चरित्र अर्पणपत्रिकेतच गेलं: 'आशिर्वाद', 'उज्वल' आणि 'सहस्त्र'. कवितासंग्रह जरा टिकले, पण त्याचं श्रेय कवींना देण्याचं कारण नव्हतं. पानावर चारच शब्द असल्यावर माणूस चुकून चुकून चुकणार किती? व्याकरणाच्या एका पुस्तकाला मागे शुद्धिपत्र जोडलेलं होतं आणि त्या शुद्धिपत्रात तीन चुका होत्या. ते अनुस्वारांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून, मेलेली पाल टाकावी तसं बाहेर नेऊन टाकलं.

बाहेर म्हणजे बोळात, रद्दीच्या ढिगावर. या ढिगावरून त्यांची बायको एकेक पुस्तक उचलून स्वयंपाकघरात नेऊ लागली होती. तिने उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन कचेरीत ट्रंककॉल जोडून देण्यात घालवली होती. तीन मिनिटं झाली की बोलणं तोडायचं. कोणाचं लग्न जमलं, कोणाचा बाप वाचला, यातलं काहीही तिला कधी शेवटपर्यंत कळलं नाही. आता तिला शेवट हवे होते. वेलांटी कुठेही असो.

"अगं, अशुद्ध आहे ते," अनुस्वार बजावत.

"मला कुठे पाठ करायचंय," ती म्हणे आणि पान उलटे.

महिन्याचे वीस दिवस गेले. कपाटात लॉगॅरिथमची कोष्टकं, दोन कोश आणि बसगाड्यांचं एक जुनं वेळापत्रक एवढी चार पुस्तकं उभी होती. वेळापत्रक मात्र निर्दोष निघालं. बस कधीच वेळेवर आल्या नाहीत, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवशी बायको, अजून पट्टीखाली न आलेल्या पुस्तकांतली एक कादंबरी घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. एका घड्याळजीची बायको घर सोडून जाते. नवरा मारहाण करणारा नाही, दारू पिणारा नाही. फक्त मिनिटामिनिटाला बरोबर असतो. ती दूरच्या गावी खानावळ चालवते, आणि मग नवरा तिला शोधत येतो. इथे पुस्तक संपत होतं, कारण बांधणाऱ्याने शेवटचा सोळा पानांचा फर्मा लावलाच नव्हता. म्हणून तर ते फुकट मिळालं होतं.

"तुमच्याच छापखान्याचं आहे," बायको म्हणाली. "तुम्हीच तपासलंय. शेवटी ती परत जाते का हो?"

अनुस्वारांना ही कादंबरी लख्ख आठवत होती. दोनदा तपासली होती. दोनशे बाराव्या पानावर 'किंकर्तव्यविमूढ' हा शब्द ओळीच्या टोकाला तुटला होता, तो त्यांनी कसा सांधून घेतला हेही आठवत होतं. पण बाई परत गेली की नाही? ते तर लांबच, या पुस्तकात कोणी बाई होती हेच ते आज पहिल्यांदा ऐकत होते.

"जाते," ते म्हणाले.

"का?"

तीन भिंतींच्या आधारावर त्यांनी या घरात जन्मभर वाचणारा माणूस म्हणून मिरवलं होतं, आणि आता बायको त्यांच्याकडे, ट्रंककॉलची तीन मिनिटं भरत आल्यावर घड्याळाकडे पाहावं तसं पाहत होती. मग ती उठून भांडी आवरायला गेली.

अनुस्वार स्टूल घेऊन माळ्यापाशी गेले. उद्या कोणी बोट दाखवलं तर पुरावा असावा, म्हणून आपण तपासलेली प्रुफं त्यांनी गठ्ठे बांधून वर ठेवली होती. त्यात तो शेवटचा फर्मा सापडला. आता नुसता शेवट वाचून भागणार नव्हतं. 'का' मागच्या पानांत होता. त्यांनी कादंबरी पहिल्यापासून धरली. पट्टीने ओळ झाकली जाई आणि पुढे काय झालं हे कळायला उशीर होई, म्हणून दुपारपर्यंत पट्टी बाजूला पडली. पेन्सिल कानावरच राहिली. पुस्तक संपायला तीन दिवस लागले आणि त्या तीन दिवसांत लेखकांच्या नावाने त्यांनी एकदाही चकार शब्द काढला नाही. घरात कोणी आजारी असल्यासारखी शांतता होती.

वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक आणि फर्मा बायकोच्या हाती दिला. तिने शेवट वाचला. मग त्यांचीच पट्टी घेऊन पुन्हा मागे गेली.

"अहो, सत्त्याऐंशी पानावर 'दिन चेहऱ्याने' आहे. दीन दीर्घ ना?"

"दीर्घ."

"आणि इथे शेवटी 'पाठिमागून'."

त्या प्रुफाच्या तळाशी 'छापण्यास योग्य' असा शेरा आणि खाली त्यांची सही होती. वळणदार. अनुस्वारांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ठि ऱ्हस्वच राहिला. त्या वेळी निसटला होता. या वेळी तर त्यांनी तिकडे पाहिलंही नव्हतं.

"झाल्या दोन," बायको म्हणाली.

"तीन," ते म्हणाले.

"तिसरी कुठली?"

"ती परत गेली ती." अनुस्वार चिडले होते. "त्या माणसाकडे परत जायचं कारणच काय होतं? इतक्या वर्षांनी दारात येऊन उभा राहतो आणि विचारतो काय, तर घड्याळाला किल्ली कोण देतं. आणि ही लगेच पिशवी भरते. मूर्ख बाई."

बायकोने पुस्तक मिटलं.

"मग टाकू बाहेर? नियम तुमचाच आहे."

"ती छापखान्याची चूक नाही," अनुस्वार म्हणाले. "धरता येत नाही."

आणि त्यांनी तो सुटा फर्मा सुईदोऱ्याने पुस्तकाला स्वतः टाचला, तोही किंचित वाकडा, आणि पुस्तक कपाटात वेळापत्रकाशेजारी उभं केलं. बाकीचं कपाट रिकामंच होतं. मुलगी तिथे टॉवेल ठेवायचं म्हणत होती. तिने मापं घ्यायच्या आत बोळातला ढीग आत आणायला बायकोने सुरुवात केली, आणि ते सहाशे पानी चरित्र अनुस्वारांनी दाराशी जाऊन स्वतःच्या हाताने घेतलं. तो थोर पुरुष पुढे नेमकं काय करतो, ते त्यांना माहीत नव्हतं.