शमुवेल मास्तरांची यादी

रविवारच्या शाळेत बाकीचे शिक्षक दाविदाची गोफण शिकवत, आमचे शमुवेल मास्तर याद्या शिकवत. बाबेलच्या बंदिवासातून यरुशलेमला परतलेल्या यहुद्यांच्या याद्या, घराण्यागणिक आकड्यांसकट. जांभया देत आम्ही एखादं घराणं गाळलं की मास्तर तिथेच थांबवत. "नाव गाळलंस, आता ती माणसं बाबेलातच राहिली. आण त्यांना परत." मग नाशिकच्या उन्हात, तापल्या पत्र्याखाली, आम्ही त्यांना परत आणत असू.

ही यादी बायबलात दोनदा येते आणि आकडे जुळत नाहीत. एज्राच्या पुस्तकात आरहाच्या घराण्याचे सातशे पंचाहत्तर, नहेम्याच्या पुस्तकात सहाशे बावन्न. मास्तर म्हणत, "एक यादी निघतानाची असेल, एक पोचल्यावरची. काही वाटेत गेले, काही मागे फिरले. आणि नक्कल करणाराही माणूसच, त्याचा हात चुकतो." मी जरा आगाऊच होतो. विचारलं, "मग दोन्हीकडे एकूण आकडा बेचाळीस हजार तीनशे साठच कसा?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "ते मला ठाऊक नाही," म्हणाले. असं सरळ कबूल करणारा दुसरा शिक्षक मला तोवर भेटला नव्हता.

पुढे मी आमच्या चर्चच्या मंडळीचा चिटणीस झालो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सभासदांची नवी यादी करायला घरोघर हिंडलो, तसा मास्तरांकडेही गेलो.

"घरात किती जण?" मी विचारलं.

"तीन," मार्थाकाकू लगेच म्हणाल्या. "आम्ही दोघं आणि आमचा याकोब. जहाजावर नोकरीला असला म्हणून काय झालं? परवाच पत्र आलंय त्याचं. हे वाचून दाखवतात, मला कुठे दिसतंय आता."

मास्तर मान खाली घालून बसले होते. मी तीन लिहिले.

मला सोडायला मास्तर फाटकापर्यंत आले आणि खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. जहाजाच्या कंपनीचं पत्र होतं, आठ महिन्यांपूर्वीचं. याकोब वादळात समुद्रात पडला होता. सापडला नव्हता.

"मग ती पत्रं?"

"मीच वाचतो. कोऱ्या कागदावरून. तिचं हृदय अधू आहे रे. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला आता कळलं. एकेका घरातली माणसं कमी होतात, पण एकूण आकडा कमी करायचा कुणाला धीर होत नाही. तीन राहू दे. मी गेल्यावर खोड."

मला त्यांचा भयंकर राग आला. आम्हाला एक नाव गाळू न देणारा हा माणूस रोज बायकोशी खोटं बोलत होता. पण त्यांनी तो कागद पुन्हा घडी घालून खिशात सरकवला आणि मी यादी पिशवीत ठेवून दिली.

वर्षभरात मास्तर गेले. कब्रस्तानातून परतल्यावर काकूंनी चाचपडत माझा हात धरला.

"याकोबाला कळवलंस का रे? बापाच्या मातीला नाही आला, पण आता निघाला असेल ना?"

खोलीतल्या बायका माझ्याकडे बघू लागल्या. मी काकूंच्या पायाशी बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या दुपारी त्यांच्या घरातून बाप आणि लेक दोघंही गेले.